ग्रामसभेतील आपला शब्द

(भवानीनगर परिसरातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे धम्मप्रवचन करण्यास उभा नाही. माझा विषय गटाराचा, नळाचा, रस्त्यावरील दिव्याचा आणि स्मशानाच्या वाटेचा आहे. हा विषय कोणास क्षुद्र वाटत असेल, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, आपल्या चळवळीचा पहिला मोठा संग्राम एका तळ्याच्या पाण्यासाठी झाला, आणि त्या संग्रामाच्या मुळाशी एका नगरपालिकेचा ठराव होता.

महाडची हकिकत तुम्ही पुष्कळ वेळा ऐकलेली आहे. परंतु ती बहुधा सभेची आणि सत्याग्रहाची म्हणून ऐकलेली असते. ती एका ठरावाची हकिकत म्हणूनही ऐकली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणी अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले केले. कागदावर खुले केले, असे म्हणणे अधिक खरे होईल. त्या दिवसापासून १९२७ च्या मार्चपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, तो ठराव दप्तरात पडून होता आणि तळ्याचे पाणी पूर्वीप्रमाणेच आपल्या लोकांना दुर्लभ होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली. तेव्हा कुठे त्या ठरावाला पाण्याचा स्पर्श झाला.

यापुढील भाग फारसा सांगितला जात नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेस, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. ज्या सभागृहात हात वर करून तळे खुले झाले, त्याच सभागृहात हात वर करून ते पुन्हा बंद करण्यात आले. मग प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना मनाई करणारी अनादि कालापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही, असे त्यात ठरले. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे लागली.

यावरून ठराव निरुपयोगी असतो असे अनुमान काढू नका. तो ठराव नसता तर सत्याग्रहींच्या हातात कोणता कागद होता? सांगावयाचे ते एवढेच की, ठराव होण्यापूर्वी आपण तेथे असले पाहिजे, ठराव होताना असले पाहिजे, आणि ठराव झाल्यानंतरही तेथून हलता कामा नये. आपले लोक बहुधा यांपैकी एकाच वेळी जातात, आणि तीही सभेच्या बाहेर! सरपंच रस्त्यात भेटला की गाऱ्हाणे सांगावयाचे, त्याने मान डोलावली की समाधान पावून घरी यावयाचे. रस्त्यात डोलावलेली मान कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

या सवयीचे मूळ मी जाणतो. आपल्या वाडवडिलांचा चावडीशी जो संबंध होता, तो हुकूम ऐकण्याचा होता. चावडीच्या पायरीखाली उभे राहावे, जोहार घालावा, निरोप घेऊन दहा गावे तुडवावी, आणि मोबदल्यात बलुते मागावे. मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा केला आणि ती वेठ कायद्याने संपली. परंतु भाषा एवढ्या लवकर संपत नाही. आजही आपल्या वस्तीतून गेलेल्या अर्जात ‘मायबाप सरकार’, ‘गरिबावर कृपा व्हावी’, ‘आपले आज्ञाधारक’ असे शब्द आढळतात. धम्मदीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि जुने देव घराबाहेर ठेवले. अर्जातला हा जोहारही बाहेर ठेवला पाहिजे. तुम्ही घरपट्टी भरता, पाणीपट्टी भरता, मतदारयादीत तुमचे नाव आहे. ग्रामसभेचे सभासद होण्यास याहून निराळी पात्रता लागत नाही. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही.

बाबासाहेबांचे ग्रामपंचायतीविषयीचे मत कठोर होते, हे तुम्हांस ठाऊक आहे. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले, तेव्हा दलितांना राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या गौरवाचा समाचार घेतला आणि राज्यघटनेचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केले. तथापि त्याच महिन्याच्या २२ तारखेस ग्रामपंचायतींची तरतूद करणारी दुरुस्ती पुढे आली, ती त्यांनी स्वीकारली. तीच पुढे घटनेचे कलम ४० झाली. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे मला वाटत नाही. ज्या खेड्यावर विश्वास ठेवता येत नाही, त्या खेड्याची सत्ता नियमांनी बांधावी लागते. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात पंचायतीत जागा राखून दिल्या. १९९० सालच्या दुरुस्तीमुळे बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला त्या हक्कापासून वंचित ठेवता येत नाही. बौद्ध झालात म्हणून राखीव जागा गेली, असे गावात कोणी सांगत असेल, तर ते त्याचे अज्ञान आहे किंवा लबाडी आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. भवानीनगर म्हटले की श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, त्याच्या गव्हाणीकडे लागलेल्या उसाच्या गाड्या आणि नीरा डावा कालवा डोळ्यांपुढे येतो. कालव्याने या कोरड्या मुलखात ऊस आणला. त्याबरोबर काही ठिकाणी जमिनी पाणथळ आणि चोपणही केल्या. अशा जमिनीवर किंवा गावाच्या उताराच्या टोकास वस्ती असली, तर सांडपाणी निचरत नाही, विहिरीचे व बोअरचे पाणी मचूळ होते आणि पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत चिखल येतो. ही तक्रार केवळ अस्वच्छतेची नाही. वस्ती कोठे बसविली गेली, याच्या इतिहासाची ती तक्रार आहे.

परंतु प्रत्येक तक्रारीचे दार एकच नसते. कालव्याचा पाझर जलसंपदा विभागाकडे, महामार्गाची मोरी महामार्गाच्या अधिकाऱ्यांकडे, कारखान्याच्या वसाहतीतील दुरुस्ती कारखान्याकडे. वस्तीतील गल्ली, गटार, नळ, दिवे आणि स्मशानभूमी यांची जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते. चुकीच्या दारावर महिनोन् महिने थांबल्याने माणसाचा धीर सुटतो. दार दुसऱ्याचे असले, तरी ग्रामसभेने ठराव करून तो त्या खात्याकडे पाठवावा अशी मागणी करता येते, आणि ती करावी. एकट्याच्या अर्जापेक्षा गावाच्या ठरावाला उत्तर देणे अधिकाऱ्यास अधिक भाग पडते.

ग्रामसभेचे नियम थोडे समजून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात. प्रघाताने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आता हिशेब करा. तीन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे साडेचारशे होतात; म्हणून तेथे शंभर माणसे पुरतात. पन्नास घरांच्या वस्तीने घरटी दोन माणसे पाठविली, तर गणपूर्ती एकट्या वस्तीने होते! गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून गावाचे निर्णय थांबत नाहीत. मग ते दहा-पंधरा माणसांत होतात.

येथे मला एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. १४ एप्रिलला आपल्या वस्त्या माणसांनी ओसंडून वाहतात. कमान, मिरवणूक, वाद्ये यांसाठी वर्गणी कमी पडत नाही. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी १ मे येतो. त्या दिवशीच्या ग्रामसभेला आपल्यातील किती माणसे असतात? जयंती करू नका असे मी म्हणत नाही. ज्या तरुणांना जयंतीसाठी घरोघर फिरता येते, त्यांना ग्रामसभेसाठीही घरोघर फिरता येईल, एवढेच माझे म्हणणे आहे. मजुरी बुडते, ही अडचण खरी आहे. २६ जानेवारीची सभा ऐन गळिताच्या हंगामात येते आणि शेतमजुराला सरकारी सुटी लागू नसते. म्हणून सगळ्यांनीच जाण्याचा आग्रह नको. घरटी एक पुरुष व एक स्त्री असे वाटून घ्या आणि पुढच्या सभेला दुसऱ्यांना पाठवा.

स्त्रियांविषयी वेगळे सांगतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पाणी कोणत्या वेळी येते, किती हंडे भरतात, दिवा नसलेल्या वाटेने पहाटे कोणास जावे लागते, हे वस्तीत जितके स्त्रियांना ठाऊक आहे तितके पुरुषांना नाही. तेव्हा आपल्या उपासिकांनी ती सभा झाली की नाही हे विचारावे. झाली असे म्हणत असतील, तर तिच्या नोंदवहीत सह्या कोणाच्या आहेत ते पाहावे.

सभेची ही रीत आपल्याला परकी आहे असे समजू नका. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी दाखवून दिले की, सभेची पद्धती, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे बौद्ध भिक्षुसंघाला ज्ञात होते. विनयाप्रमाणे संघापुढे आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडावयाची. महत्त्वाच्या कामी तो प्रस्ताव तीन वेळा उच्चारावयाचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राखावयाचे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावयाचे. शेवटच्या या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. संघात मौन म्हणजे संमती. ग्रामसभेतही व्यवहारात तेच होते. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द इतिवृत्तात पडतात, तेव्हा भिंतीला टेकून गप्प बसलेला आपला माणूसही त्या सर्वांत मोजलेला असतो.

तेव्हा बोलावयाचे कसे आणि लिहावयाचे काय? सभेची सूचना निघाली की लगेच लेखी अर्ज द्यावा आणि आपला विषय विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी करावी. अन्यथा तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या सदरात जातो. तोवर लोक उठून गेलेले असतात. अर्जात दुःखाचे वर्णन थोडे आणि मोजमाप अधिक असावे. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत गटार नाही, ते अंतर किती पावले, किती कुटुंबांना त्रास, केव्हापासून, आणि नेमके काय करून हवे. ‘आमच्या वस्तीकडे दुर्लक्ष होत आहे’ या वाक्याला उत्तर देण्याची गरज कोणास वाटत नाही. ‘समाजमंदिरापासून ओढ्यापर्यंतचे तीनशे पावलांचे गटार बांधावे’ या वाक्याला होय किंवा नाही म्हणावेच लागते. अर्जाची दुसरी प्रत ठेवून तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

पैसा नाही, असे उत्तर येईल. त्यासाठी तयार असा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. गेल्या वर्षी ती किती झाली आणि कशावर खर्च झाली, हे विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची स्वतंत्र योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते. पाणी, गटारे, अंतर्गत रस्ते, दिवे, समाजमंदिर ही कामे तीत बसतात. प्रस्ताव ग्रामपंचायतीकडूनच जावा लागतो. आपल्या वस्तीचे नाव त्या आराखड्यात आहे काय, लोकसंख्या किती दाखविली आहे, आणि वस्तीच्या नावाने मंजूर झालेला रस्ता खरोखर वस्तीत पोहोचतो की वस्तीच्या तोंडाशी थांबून दुसरीकडे वळतो, हे जागेवर जाऊन पाहा. तसेच गावाचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो, त्या वेळीच आपले काम त्यात घातले पाहिजे. आराखड्यात नसलेल्या कामाला वर्षभर निधीची वाट नसते. साखर कारखान्यासारख्या उद्योगांकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोय अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. ज्या गावांच्या हद्दीत कारखाने आहेत, त्या गावांच्या जमाखर्चात ती बाब कशी दाखविली आहे, हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. जमाखर्च हा ग्रामसभेपुढे ठेवावयाचाच असतो.

वस्तीच्या नावासंबंधीही एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांना व रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविण्यात आली. तुमच्या वस्तीचे नाव फलकावर बदलले असेल. घरपट्टीच्या पावतीवर आणि दप्तरातल्या नोंदीत ते बदलले आहे काय? नसल्यास तोही ग्रामसभेचा विषय आहे.

आता भीतीचे बोलू. ज्याच्या शेतात मजुरीला जावयाचे, ज्याच्या शब्दावर हंगामी काम मिळावयाचे, त्याच्या देखत सभेत उठून बोलणे सोपे नाही. अशा माणसाला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे. उपाय असा की, एकाने बोलू नये. अर्जावर तीस-चाळीस सह्या असाव्यात आणि त्यांत शेतमजुराबरोबर शिक्षकाची, नोकरदाराची, पुण्या-मुंबईस राहूनही गावच्या यादीत नाव असलेल्या माणसाचीही सही असावी. बोलण्यासाठी ज्याची भाकर गावावर अवलंबून नाही त्याने पुढे व्हावे. शिकून बाहेर गेलेल्यांवर वस्तीचे हे ऋण आहे. बोलताना विषय गटाराचा ठेवावा, सरपंचाच्या स्वभावाचा काढू नये. भांडण झाले की इतिवृत्तात ‘गोंधळ झाला’ एवढेच लिहिले जाते आणि गटार राहून जाते. मात्र पाणवठा, स्मशान, रस्ता यांचा वापर करण्यास जातीमुळे अडथळा होत असेल, तर तो ग्रामसभेच्या विनंतीचा विषय राहत नाही. घटनेच्या कलम १५ ने तो हक्क दिला आहे आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा होतो. तेथे अर्ज पोलीस ठाण्यात जातो.

ठराव मांडताना आणखी एक काळजी घ्या. दर आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून याच रस्त्याने सणसरकडे जाते. तिच्या आगमनापूर्वी रस्त्याची डागडुजी होते, पाण्याची सोय होते, दिवे लागतात. वारकऱ्यांची सोय व्हावी हे योग्यच आहे. यावरून आपण एक गोष्ट शिकावी: तारीख ठरलेली असली म्हणजे यंत्रणा हलते. आपल्या ठरावांत तारीख नसते. ‘गटार बांधण्यात यावे’ असा ठराव दहा वर्षे टिकतो. ‘गटाराचा प्रस्ताव येत्या तीस दिवसांत पंचायत समितीकडे पाठवावा आणि पुढील ग्रामसभेत अहवाल द्यावा’ असा ठराव मांडा. सूचक व अनुमोदक म्हणून आपल्याच माणसांची नावे लिहावयास लावा. शक्य झाल्यास एक नाव वस्तीबाहेरच्या सज्जनाचे असावे. असे सज्जन गावोगाव असतात, महाडलाही होते.

सभा संपल्यावर ठराव क्रमांक आणि तारीख आपल्या वहीत उतरवून घ्या. आठ दिवसांनी ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ठरावाची नक्कल मागा. टाळाटाळ झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. त्यानंतर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा परिषद. नकला, पोच आणि पावत्या वस्तीतल्या एका पेटीत ठेवा आणि ती पेटी एका व्यक्तीच्या नव्हे, विहाराच्या ताब्यात असू द्या. माणूस कामासाठी परगावी जातो, कागद येथेच राहिले पाहिजेत.

पुढच्या ग्रामसभेत अगदी वेळेवर जा. प्रारंभीच मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात येते, आणि उशिरा येणाऱ्यांची ही वेळ हुकते. आपली वही उघडून ते वाचन ऐका. आपला ठराव त्यात नसेल, किंवा ‘बांधावे’च्या जागी ‘विचार व्हावा’ असे शब्द आले असतील, तर तेथेच उठून हरकत घ्या, ती हरकत लिहून घ्यावयास सांगा, आणि ती लिहून वाचून दाखविल्याखेरीज दुसऱ्या विषयाला हात लावू देऊ नका.